किट घरोघरी कशाला, शाळेत ठेवा की

आमच्या बेळगावच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय, शाळेत रोबोटिक्स सुरू झालंय आणि त्याचं रोबोट जोडायचं किट मात्र पालकांनी विकत आणायचं, शहरात टिळकवाडीतल्या नोकरदाराला जमेल हो, पण खानापूरकडं शेतीवर पोट असलेल्यानं काय करायचं? आणि मग मला विचारतात, तुमच्या इंग्लंडात हे स्वस्तच असेल की.

अजिबात नाही. लेगो या खेळण्यांच्या कंपनीचा मोटर-सेन्सरवाला शाळेचा सेट इथंही तीनशे पौंडांच्या वर जातो. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 ला 20 टक्क्यांवरून 60 केलं, 2023 ला 70, त्यामुळं बाहेरचा माल अजूनच अंगावर येतो. पण इंग्लंडातली एक गोष्ट मला फार आवडली, 2016 ला बीबीसीनं मायक्रोबिट नावाचा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड अकरा-बारा वर्षांच्या जवळपास दहा लाख पोरांना फुकट वाटला, आणि आमच्या लायब्ररीतून तो पुस्तकासारखा घरी नेता येतो.

महाग किटचं खरं दुखणं नंतर कळतं. माइंडस्टॉर्म्स या लेगोच्या रोबोट किटच्या जुन्या सेटची वायर हातात घेऊन बघा, टोक हुबेहूब टेलिफोनच्या वायरीसारखं, पण खटका मुद्दाम एका बाजूला सरकवलेला, म्हणजे बाजारातली साधी वायर बसतच नाही! 2022 अखेर कंपनीनं माइंडस्टॉर्म्स बंदच केलं, आता सुटे भाग जुन्या मालात शोधायचे. एवढे पैसे घालून पोरगं त्याच कंपनीला बांधलेलं, हे मला बिलकूल पटत नाही.

त्यापेक्षा आर्डुइनो घ्या, तोही मायक्रोबिटसारखा प्रोग्राम करायचा बोर्डच. त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे, म्हणून तसाच बोर्ड कुणीही बनवतो आणि काही शे रुपयांत मिळतो, पिवळी गिअरवाली मोटर तर शंभराच्या आत. बाकी चाकं, पट्ट्या, शाफ्ट? अहो, आपल्या बेळगावात उद्यमबागची कारखान्यांची वसाहत आहे! तिथल्या लेथवर परदेशात जाणारे पार्ट होतात, पोरांच्या गाडीचा सांगाडा होणार नाही होय?

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी हातानं वस्तू बनवून शिकायची शाळेतली प्रयोगशाळा, तिला केंद्राकडून शाळेमागं 20 लाखांपर्यंत मिळतात, पण सगळ्या शाळांना कुठं मिळते ती. ज्यांना मिळाली त्यांनी शनिवारी शेजारच्या शाळेच्या पोरांनाही आत घ्यावं.

पुढच्या पालकसभेत एवढं मागाच, किट शाळेचं, चार पोरांत एक, आणि सूचनांचा कागद मराठी-कन्नड दोन्हीत. इंग्रजी अडलं म्हणून खानापूरच्या पोरीची मोटर जोडायची राहू नये. मराठीतला कागद मी लिहून देतो, कुठला बोर्ड घेताय तेवढं ग्रुपवर कळवा.