पन्नाशीतला एस.वाय.बी.कॉम.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या दृष्टीने मी 1999 पासून पदवीधर आहे. एच-1बी व्हिसाचा नियमच तसा आहे. महाविद्यालयातले जे वर्ष तुम्ही शिकला नाहीत, त्या प्रत्येक वर्षापोटी त्याच कामातला तीन वर्षांचा अनुभव धरला जातो. मी मुंबईत बी.कॉम.ची दोन वर्षे पुरी करून नोकरीला लागलो होतो आणि त्यानंतर सहा वर्षे संगणकासमोर काढली होती. कंपनीच्या वकिलाने दोन आणि दोन चार असा हिशेब मांडला, मला पदवीधराच्या समकक्ष ठरवले आणि विमानात बसवले. त्याच अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या दृष्टीने मात्र मी अजून एस.वाय.बी.कॉम.च आहे, आणि तेही त्यांना फाउंडेशन कोर्स म्हणजे काय ते कळले तर.

सरकार आणि विद्यापीठे यांच्यातल्या या मतभेदाचा मला पंचवीस वर्षे काही त्रास झाला नाही. न्यू जर्सीत घर झाले, नागरिकत्व मिळाले, मुलगी कॉलेजला जाऊ लागली. मग आमची कंपनी दुसऱ्या, मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि तिच्या मनुष्यबळ विभागाने बढतीसाठी एक ऑनलाइन अर्ज भरायला लावला. त्यात 'बॅचलर्स डिग्री' या रकान्यापुढे 'आहे' आणि 'नाही' असे दोनच पर्याय होते. 'समकक्ष' असा पर्याय नव्हता. 'नाही' वर टिचकी मारली की पुढचे पानच उघडत नसे. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी माणसाला ज्ञानाची ओढ कशी लागते, याचे हे खरे कारण आहे.

अमेरिकेत बॅचलर्स पदवीला साधारणपणे 120 क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेली एकके, लागतात. या मोजदादीच्या मुळाशी पेन्शन आहे हे समजल्यावर मला तिच्याविषयी थोडी आपुलकी वाटू लागली. 1905 साली अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्याचा लाभ हवा असेल, तर महाविद्यालयांनी प्रवेश देताना शाळेतला अभ्यास तासांच्या ठरावीक एककात मोजला पाहिजे, अशी अट पुढे आली, आणि तासांवर शिक्षण मोजण्याची ही सवय महाविद्यालयांतही मुरली. डोंबिवलीत राहणारा माझा थोरला भाऊ बँकेतून निवृत्त झालेला आहे. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पेन्शन मिळणार असेल, तर माणूस काय वाटेल ते मोजेल."

ही क्रेडिट्स एकाच विद्यापीठातून घ्यावी लागत नाहीत. ती निरनिराळ्या ठिकाणांहून जमवता येतात, आणि जिथे स्वस्त मिळतील तिथून जमवावीत असा शहाण्यांचा सल्ला असतो. कॉलेज अर्धवट सोडलेले चार कोटींच्या आसपास लोक या देशात आहेत, त्यामुळे शहाण्यांना तोटा नाही. आमच्याच राज्यात, ट्रेंटनला, 1972 साली खास प्रौढांसाठी स्थापन झालेले एक सरकारी विद्यापीठ आहे. ते बाहेरची क्रेडिट्स उदारपणे स्वीकारते, आणि त्याला नाव मिळाले आहे ते जेमतेम काही महिने शाळेत गेलेल्या थॉमस एडिसनचे. हा प्रकार मला प्रामाणिक वाटला. मी ज्या विद्यापीठात नाव घातले ते निराळे, आणि पुढे जे वर्णन येणार आहे ते पाहता त्याचे नाव न घेतलेले बरे.

पहिले काम मुंबईची क्रेडिट्स अमेरिकेत आणण्याचे. त्यासाठी गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती सीलबंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या बंद कडेवर शिक्का मारून, मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे परस्पर पोचाव्या लागतात. ही जबाबदारी दादावर पडली. कार्यालयातल्या कारकुनाने 1993 हे साल ऐकून पंखा बंद केला, बहुधा नीट ऐकू यावे म्हणून, आणि मग जुनी रजिस्टरे ज्या खोलीत आहेत तिची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ रजेवर असल्याचे सांगितले. दादाने बँकेत आयुष्य काढले असल्यामुळे काउंटरच्या अलीकडे उभे राहण्याची त्याला सवय नव्हती. प्रत्येक खेपेनंतर तो मला फोन करी आणि कामाची प्रगती सांगण्याऐवजी बँकेच्या काळात आपण ग्राहकांशी किती सौजन्याने वागत होतो, ते सांगे. शेवटी लिफाफा निघाला. तो पोचल्यावर मूल्यमापन संस्थेने कळवले की गुणपत्रिका भलत्याच माणसाची दिसते, कारण तिच्यावर आडनाव आधी, मग माझे नाव आणि मग वडिलांचे, असा क्रम आहे. नावे तीच असून फक्त रांग बदलली आहे, असे मी नोटरीसमोर शपथेवर लिहून दिले.

त्यानंतर जे घडले ते मात्र सुखद होते. अकाउंट्समध्ये मला एकसष्ट गुण होते. त्यांच्यावरून त्या काळी घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नव्हते. आपल्याकडचे साठाच्या वरचे गुण इथले मूल्यमापक बहुधा 'ए' धरतात, त्यामुळे तीस वर्षांनंतर, न्यू जर्सीच्या पोस्टपेटीत, मी हुशार निघालो. तो कागद मी बायकोला दाखवला. तिने तो शांतपणे वाचला आणि तिचे स्वतःचे गुण सत्तरच्या वर होते, एवढेच सांगितले.

फाउंडेशन कोर्स हा विषय नेमका कशाचा पाया घालतो, हे आमच्या वर्गातल्या कोणालाही, शिकवणाऱ्या मॅडमना धरून, कधी उमगले नव्हते. मूल्यमापकांनी त्यापुढे 'जनरल इलेक्टिव', म्हणजे कशातच न बसणारा ऐच्छिक विषय, असे लिहिले. त्यांना तो विषय बरोबर कळला होता.

खरी परीक्षा यापुढे सुरू झाली. बाहेरची क्रेडिट्स 'घेणे' आणि ती पदवीला 'लावणे' या विद्यापीठाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस भरडला जातो तो या दोहोंच्या मधल्या फटीत. माझी पन्नासहून अधिक क्रेडिट्स विद्यापीठाने हसतमुखाने घेतली. मग पदवीचा तक्ता उघडून पाहिला, तर त्यातली निम्म्याहून जास्त 'फ्री इलेक्टिव' या कप्प्यात कोंबलेली होती. तो कप्पा केव्हाच भरला होता आणि वरून ओसंडत होता. शेजारचे इंग्रजी लेखन, निसर्गविज्ञान आणि इतिहास हे कप्पे मात्र ठणठणीत कोरडे होते. माझ्या मुंबईच्या गणिताच्या विषयाच्या नावात 'टेक्निक्स' असा शब्द असल्यामुळे ते गणित नसून तंत्र असावे, अशी शंका काढण्यात आली. तीस वर्षांहून अधिक काळ मी प्रोग्राम लिहितो आहे. त्याबद्दल संगणकाच्या कप्प्यात शून्य होते. माझ्या सल्लागार बाई अत्यंत मधुर आवाजात म्हणाल्या की तुमची निराशा मी समजू शकते. अमेरिकेत समोरचा माणूस इतक्या लवकर समजून घेतो, की त्याच्याशी भांडायला काही शिल्लकच राहत नाही.

हे माझ्याच नशिबात होते असेही नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 साली एक अहवाल दिला. 2004 ते 2009 या काळात ज्यांनी महाविद्यालय बदलले त्यांची अंदाजे 43 टक्के क्रेडिट्स वाटेत गळाली, असे त्यात नोंदवले आहे. सामान हरवण्याचे हे प्रमाण कोणत्याही विमान कंपनीला परवडले नसते.

कोरडे कप्पे भरण्याचा स्वस्त मार्ग मला मुलीने दाखवला. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीच्या 'एपी' परीक्षा देऊन तिने आपले जवळजवळ एक सत्र वाचवले होते. त्याच परीक्षा मंडळाची 'क्लेप' नावाची दुसरी परीक्षा आहे. ती 1967 पासून चालू आहे आणि ज्यांना विषय आधीच येतो अशांसाठी आहे. दीड तास संगणकापुढे बसायचे, पर्याय निवडायचे, आणि बहुतेक विषयांत उठण्यापूर्वीच गुण पडद्यावर येतात. शुल्क शंभर डॉलरच्या आत, आणि 'मॉडर्न स्टेट्स' या धर्मादाय संस्थेचा मोफत अभ्यासक्रम पुरा केला, तर तेही ती संस्था भरते. तीन क्रेडिट्ससाठी विद्यापीठाला जे मोजावे लागते, त्यापुढे हे फुकटच म्हणायचे. इतिहासाची मला धास्ती नव्हती, कारण नागरिकत्वाच्या मुलाखतीत मी दहापैकी पहिले सहा प्रश्न न अडखळता सोडवले होते. पहिले सहा बरोबर आले की त्या काळी अधिकारी पुढचे विचारतच नसत. क्लेपवाले विचारतात. भाषांच्या परीक्षांत फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच आहेत. मराठी, हिंदी, गुजराती आणि चर्चगेटची लोकल, असे सगळे येणाऱ्या माणसाला तिथे काही मिळत नाही.

क्लेपमध्ये गुण वीसपासून ऐंशीपर्यंत असतात आणि बहुतेक ठिकाणी पन्नासाला क्रेडिट मिळते. पन्नास मिळवणाऱ्याला आणि एकोणऐंशी मिळवणाऱ्याला क्रेडिट्स सारखीच, आणि गुण कोणाच्याच सरासरीत धरले जात नाहीत. पास होण्यापुरताच अभ्यास नेमका किती, हे ओळखण्याची विद्या मी मुंबईतच आत्मसात केलेली होती आणि ती सायकल चालवण्यासारखी असते, विसरत नाही. माझे समाजशास्त्रातले बावन्न गुण पाहून मुलीचा चेहरा उतरला. "बाबा, तुला वाईट नाही वाटत?" तिने विचारले. मला वरच्या दोन गुणांचे वाईट वाटत होते.

काही विषय महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या संकेतस्थळांवरूनही करता येतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही 1918 पासूनची संस्था अशा अभ्यासक्रमांना क्रेडिट देण्याची शिफारस करते. ती मानायची की नाही ते ज्याचे त्याचे विद्यापीठ ठरवते. महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास भरले, की त्या महिन्यात जमतील तेवढे विषय उरकता येतात. हे वाचल्यावर मराठी माणसाला झोप लागणे शक्य नाही. नीतिशास्त्राचा पेपर वर्गणी संपण्याच्या आदल्या रात्री साडेअकराला सोडवत असताना मी इतका झपाटलेला होतो, की कांट पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर देणे नीतीला धरून आहे का, हा विचार मनाला शिवलाही नाही.

सर्वांत बिकट ठरला तो वक्तृत्वाचा विषय. भाषणाचे चित्रीकरण करून पाठवायचे होते आणि समोर प्रौढ श्रोते बसलेले दिसले पाहिजेत, अशी अट होती. मी महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांना शनिवारी दुपारी घरी बोलावले. "जेवण आहे की नुसता चहा?" ही चौकशी सर्वांनी केली, साबुदाणा वडे आहेत असे कळल्यावर उपस्थिती अटीपेक्षा बरीच जास्त भरली. पुनर्वापर या विषयावर मी सहा मिनिटे इंग्रजीत बोललो. मी बसतो न बसतो तोच मंडळाचे एक माजी अध्यक्ष सवयीने उठले आणि त्यांनी आभारप्रदर्शन सुरू केले. त्यात त्यांनी माझे, माझ्या पत्नीचे, वड्यांचे आणि 2011 च्या गणेशोत्सवातल्या ध्वनिव्यवस्थेचे आभार मानले. बायको त्यांच्याकडे इतक्या तन्मयतेने पाहत होती, की कॅमेरा बंद करायचे तिला सुचले नाही. परीक्षकांचा अभिप्राय आला की पहिल्या वक्त्याची मांडणी समाधानकारक आहे, पण दुसऱ्या वक्त्याचा आत्मविश्वास विशेष उल्लेखनीय आहे.

एक परीक्षा मी घरून दिली. दूरवर बसलेला एक तरुण निरीक्षक कॅमेऱ्यातून माझी खोली तपासत होता. लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवा, टेबलाखाली दाखवा, कान दाखवा. कान झाले. मग त्याला कालनिर्णय दिसले. बायको त्यावर गाडीच्या तेलाची तारीख, भिशीची पाळी आणि कोणाकडे किती डबे राहिले आहेत ते लिहून ठेवते. देवनागरीने भरलेला तो मोठा कागद त्याला अभ्यासक्रमाच्या टिपणांसारखा वाटला असावा. "सर, भिंतीवरचा तो मजकूर कशाचा आहे?" त्याने विचारले. आज संकष्टी असून चंद्रोदय रात्री आहे, हे त्याला सांगून काही साधणार नव्हते, म्हणून मी ते उतरवले. त्याखालचा खिळा पाहून त्याने पुन्हा जवळून दाखवायला सांगितले.

असे करत करत कप्पे भरले. मला वाटले होते की शेवटची क्रेडिट्सही अशीच कुठूनतरी स्वस्तात उचलावीत. पण काही क्रेडिट्स विद्यापीठाच्या स्वतःच्याच दुकानातून घ्यावी लागतात, त्याशिवाय ते पदवीवर आपले नाव घालत नाहीत. माझ्या वाट्याला तसे दोन विषय आले. त्यांतला एक 'कॅपस्टोन', म्हणजे सगळ्या शिक्षणाचा कळस. त्या दोन विषयांची फी मी तोवर जमवलेल्या सगळ्या क्रेडिट्सच्या खर्चाहून जास्त झाली. कॅपस्टोनमध्ये मी माझ्याच कार्यालयातल्या एका कामावर प्रबंध लिहिला. त्याला मार्गदर्शकांचा शेरा मिळाला की विषयाची जाण चांगली आहे, मात्र प्रत्यक्ष अनुभवाचे संदर्भ द्यावेत.

बाहेरून आणलेल्या क्रेडिट्सना सरासरीत स्थान नसल्यामुळे माझ्या पदवीची सगळी गुणवत्ता त्या दोन विषयांवर उभी आहे. हे दादाला फोनवर समजावून सांगायला बराच वेळ लागला. त्याने सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदा कार्नेगीची चौकशी केली, आणि मग त्याला जे विचारायचे होते ते विचारले.

"ते सगळं ठीक आहे. क्लास कोणता मिळाला?"

इथे क्लास नसतो, एकूण शंभरावर क्रेडिट्सना गुणच नाहीत, ती नुसती मान्य झालेली आहेत, असे मी म्हणालो.

"म्हणजे पास क्लास," दादा म्हणाला, आणि आतल्या खोलीतल्या वहिनीलाही त्याने ते मोठ्याने सांगितले.