फोन वाजतो पण दिसत नाही, आणि शिव्या मला

रात्रीचा दीड वाजलाय आणि मी किचनमध्ये दोन फोन घेऊन उभाय, एकावरून दुसऱ्यावर कॉल लावतोय, कट करतोय, लॉक करतोय, परत लावतोय. दुसरा फोन बायकोचा, न विचारता उचललेला. कारण काय तर मी फावल्या वेळात सांभाळतो त्या फुकटच्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) डायलरवर, म्हणजे कॉल लावायच्या-घ्यायच्या ॲपवर, एक स्टार देऊन तक्रार आलीय, "फोन वाजतो पण उचलायला स्क्रीनच येत नाही, साधी गोष्ट जमत नाही तर ॲप कशाला बनवता". बस. कुठला फोन, कुठलं अँड्रॉइड, लॉक होता की उघडा, काही काही नाही. मी काय ज्योतिषी आहे का रे?

तीन संध्याकाळी घालवल्या तेव्हा कळलं की बग माझा नाहीच. फोन बनवणाऱ्या कंपनीने स्वतःची एक वेगळी परवानगी घातलीय, लॉक स्क्रीनवर दिसायची, ती आधीपासून बंद, आणि सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली पुरलेली. अँड्रॉइडच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तिचा पत्ता नाही. अँड्रॉइड 14 मध्ये फुल स्क्रीन नोटिफिकेशनची, म्हणजे कॉल आला की अख्ख्या स्क्रीनवर दिसायच्या परवानगीची, भानगड झाली तेव्हा निदान परवानगी आहे की नाही हे कोडमधून विचारता तरी येत होतं, इथे तेही नाही. कंपनीच्या स्वतःच्या डायलरला मात्र ती जन्मजात मिळालेली, म्हणून तक्रारवाल्या साहेबांचं उत्तर, "आधीच्या ॲपला सेटिंग लागत नव्हतं". लागणार कसं, घरचा जावई आहे तो!

आणि कॉल रेकॉर्डिंग. दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, कधी देणार. अहो अँड्रॉइड 9 पासून गूगलने दारं बंद केलीत, मग ॲपवाले ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांसाठी असलेल्या सोयीच्या, खिडकीतून शिरायचे, तर 11 मे 2022 पासून प्ले स्टोअरवर तीही बंद. हे मी इतक्या वेळा टाईप केलंय की आता कीबोर्डच पुढचा शब्द सुचवतो.

या सगळ्यात एकच माणूस शहाणा निघाला. त्याच्या बॉसचा फोन आला तर स्क्रीनवर नाव "सिलिंडरवाला", ह्याने उचलून सांगितलं रिकामा दाराबाहेर ठेवलाय. पण बिचाऱ्याने मॉडेल, व्हर्जन, आणि दोन्ही नंबर पहिले तीन आकडे झाकून पाठवले. बघतो तर शेवटचे सातही आकडे सेम! कोणी नंबर नुसता सेव्ह करतं, कोणी सुरुवातीला शून्य लावतं, कोणी +91, म्हणून आम्ही मागून सातच आकडे जुळवत होतो, तिथे घोळ. देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर जुळवायला लावला, वीस मिनिटांत काम संपलं, तो थँक्यू पण म्हणाला. माहिती दिली की वीस मिनिटं, नाही दिली की तीन संध्याकाळी, हे ह्या बाकीच्यांना कळत कसं नाही?

असो. लॉक स्क्रीनवाल्या साहेबांसाठी ॲपमध्येच सेटिंगचा रस्ता दाखवणारं पान बनवलंय, उद्याच्या अपडेटमध्ये जाईल. एक स्टार अजून तसाच आहे. झोपतो आता, बायकोच्या फोनवरचे माझे बेचाळीस मिस्ड कॉल तेवढे डिलीट करून.