ऑडिओग्राम नॉर्मल आला म्हणून तोल शाबूत असतो का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

जेंटामायसिन या अँटिबायोटिक इंजेक्शनाने कानातल्या तोलाच्या अवयवांना इजा होऊ शकते, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "जीव वाचवणाऱ्या औषधाबद्दल लोकांना घाबरवू नका. ऑडिओग्राम नॉर्मल असेल तर कानाला काही झालेलं नसतं, चक्कर अशक्तपणाची असते. अर्धवट ज्ञान पाजळणं बंद करा."

मतभेद खुशाल असू द्यात, पण 'पाजळणं' कशासाठी? तोल गेलेल्यांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम आहे. 'अशक्तपणा आहे' एवढंच ऐकून घरात बसून राहिलेली माणसं मी बघते, म्हणून हे वाक्य मला लागलं. औषध जीव वाचवतं, हे मान्यच. मूळ लेखातही ते आहे. तिथवर वाचायला हवं होतं.

आता ऑडिओग्राम. तो फक्त कॉक्लियाचं, म्हणजे आतल्या कानातल्या ऐकण्याच्या अवयवाचं काम मोजतो. तोलाचे अवयव वेगळे. प्रत्येक कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं टिपतात. युट्रिकल आणि सॅक्युल सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण टिपतात. पाचांतही केशपेशी, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. हालचालीचा संकेत ज्या सूक्ष्म द्वारांतून पेशीत जातो, त्यांतूनच जेंटामायसिन आत शिरतं आणि रक्तातून गेल्यावरही तिथे साठून राहतं. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतरही नुकसान वाढू शकतं. पहिला मार बसतो त्यांतल्या टाइप-१ प्रकारच्या केशपेशींना, आणि माणसात त्या मेल्या की कामापुरत्याही पुन्हा तयार होत नाहीत. याच गटातलं अमिकासिन हे अँटिबायोटिक बहुधा आधी ऐकण्यावर घाला घालतं. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलावर.

दोन्ही कान सारखेच निकामी झाले की मेंदूला डाव्या-उजव्यात फरक जाणवत नाही, त्यामुळे गरगरतही नाही. रुग्ण पलंगावर असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. चालायला लागला की दुकानांच्या पाट्या वरखाली उडतात, अंधारात पाय भरकटतात, तोंड धुताना डोळे मिटले की बेसिन घट्ट धरावं लागतं. नुसत्या अशक्तपणात पाट्या उडत नाहीत हो!

तपासणी अवघड नाही. चष्मा लावून अक्षरांच्या तक्त्यावरची वाचता येणारी सर्वांत खालची ओळ बघायची. मग तपासणाऱ्याने रुग्णाचं डोकं सेकंदाला साधारण दोनदा, थोडंसंच, डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि पुन्हा वाचायला सांगायचं. तीन किंवा जास्त ओळी वर सरकावं लागलं तर व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्ट (डोक्याला झटका देताना डोळ्यांची हालचाल कॅमेऱ्याने मोजणारी तपासणी) करून घ्यावी. तिच्या मुळाशी असलेली डोक्याला छोटा झटका देण्याची तपासणी हॅल्मागी आणि कर्थॉइझ या संशोधकांनी 1988 मध्ये मांडली. मानेचं दुखणं असलेल्यांवर घरी हा प्रयोग नको.

लेखाच्या लांबीबद्दलच्या टोमण्याला उत्तर देत नाही. चक्कर दाबणाऱ्या प्रोक्लोरपेराझिनच्या गोळ्या मात्र अशा रुग्णांना महिनोन्महिने देऊ नयेत : गेलेल्या पेशी त्यांनी परत येत नाहीत, उलट मेंदूचं जुळवून घेणं मंदावतं. आणि इंजेक्शनं चालू असतानाच पाट्या उडायला लागल्या तर डोस स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, दुसरं अँटिबायोटिक चालेल का ते विचारा.