शिवलेला आय की स्प्लाइस केलेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

झाडावर चढायच्या दोरांवरच्या माझ्या लेखात मी हाताने स्प्लाइस केलेल्या, म्हणजे दोराचं टोक दोरातच घालून पक्क्या केलेल्या आयचं कौतुक केलं होतं. (आय म्हणजे दोराच्या टोकाला केलेला कायमचा फास.) त्यावर तुम्ही लिहिलंत, "मशीनवर शिवलेल्या आयला प्रमाणपत्र असतं. हाताने विणलेल्या आयवर माणूस लटकवायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे."

तुमचं एक म्हणणं पूर्ण मान्य. "स्प्लाइस घरी करून बघायला हरकत नाही" हे वाक्य मी लिहायलाच नको होतं. आज ते काढून टाकलंय. पण स्प्लाइसच कमजोर, हे पटत नाही.

आयचं प्रमाणपत्र टोकासकट आलेल्या दोराला मिळतं. ईएन 1891 या युरोपीय मानकानुसार 'ए' प्रकारच्या दोराने नुसता 22 किलोन्यूटन (साधारण 2200 किलोचा भार) ताण, आणि टोकाच्या आयसकट 15 किलोन्यूटन ताण 3 मिनिटं सहन करायला हवा. कारखान्यातच स्प्लाइस करून आलेले प्रमाणित दोरही बाजारात आहेत. आता आपला भार बघा. 80 किलोचा माणूस लटकला म्हणजे साधारण 0.8 किलोन्यूटन. फांदीवरून दुहेरी दोर टाकून चढलो, तर त्यातला जेमतेम अर्धा आयवर येतो. घसरलो, झोका बसला तर वाढतो, तरीही धडधाकट आय त्याला पुरून उरतो. मला भीती वाटते ती झिजलेला आय लक्षात न येण्याची, आणि इथे दोघांच्या खोडी वेगवेगळ्या आहेत.

शिवलेल्या आयचा सगळा भार टाक्यांवर, आणि टाके पृष्ठभागावर. साल, चीक, पावसात चिकटलेली रेती, सगळं तिथेच घासतं. फायदा असा की तुटलेला टाका दिसतो. बऱ्याचदा धागा मुद्दाम वेगळ्या रंगाचा असतो. पण टाक्यांवर चढवलेली पारदर्शक नळी वापरून वापरून धुरकट होते आणि मग आतलं काहीच दिसत नाही. तुमच्या आयवरची नळी उजेडात धरून एकदा बघाच.

स्प्लाइसमध्ये दोराचं टोक दोराच्याच पोटात घातलेलं असतं. गोफ ओढला की बारीक होतो ना, तसंच वरचं विणकाम ताणाखाली आवळतं आणि आतलं टोक घट्ट धरतं. ताण जितका जास्त, तितकी पकड पक्की. धोका ताण नसताना. दोर हापटला, पिशवीत कोंबला, ओढत नेला की आतलं टोक हळूहळू सरकू शकतं. म्हणून घशाशी, म्हणजे फास जिथे सुरू होतो तिथे, दोऱ्याने टाके घालून ते अडकवतात.

हे मी अनुभवाने शिकलो. प्रभात रोडवरच्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्षाची वाळकी फांदी पावसाच्या आत उतरवायची होती. दोर खाली पसरून नेहमीसारखा हाताने चाचपत होतो. आय मीच केलेला, घशाच्या तोंडाशी पेनाची खूण केलेली. ती खूण नखभर बाहेर आली होती. निरखून पाहिलं तर अडकवायच्या दोऱ्याचे दोन वेढे घासून तुटलेले. पोटात गोळा आला. तो आय तिथेच कापला, कॅराबिनरवर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर) गाठ मारली आणि मगच वर गेलो. तेव्हापासून माझ्या हातच्या स्प्लाइसवर मी चढत नाही, दुसऱ्या कुणाला चढू देत नाही.

गाठीने दोराची ताकद साधारण पाव ते तिसरा हिस्सा, काही गाठींनी त्याहूनही जास्त, कमी होते, तरी 22 किलोन्यूटनच्या दोरात पुष्कळ उरते. शिवाय गाठ रोज सोडून आतला दोर बघता येतो. ज्यांच्याकडे कारखान्यातून आलेला आय नाही, त्यांनी गाठच वापरावी. ट्रेकिंगवाल्यांकडे असतो त्या घट्ट कर्नमँटल (आत गाभा, वर विणलेलं आवरण) दोराला तर बहुतेक वेळा हाताने स्प्लाइस होतच नाही. त्याच्या मागे लागू नका.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एकाने विचारलंय, उसवलेला आय बॅगा शिवणाऱ्याकडून परत शिवून घेतला तर चालेल का? कृपा करून नको! धागा कुठला, टाके किती, ताण किती, यातलं काहीच तपासलेलं नसतं. तेवढा भाग कापा आणि उरलेल्या दोराला गाठ मारा.

दादा, तुमच्या आयच्या लेबलवर मानकाचा आकडा आणि बनवल्याचं वर्ष अजून वाचता येतं का, तेवढं बघून इथेच कळवा. पुसलं असेल तर या पावसाळ्यात त्या दोरावर चढू नका.