पीस टोपीत असतं, टोपीवर नाही

आज दुपारी एक शिफारसपत्र वाचलं आणि तेव्हापासून डोकं शांत होत नाहीये. पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या एका मुलीला तिच्या संस्थेतल्या जबाबदार माणसाने लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी दिलेलं पत्र. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘बाय विनिंग धिस अवॉर्ड शी हॅज पुट वन अनदर फेदर ऑन कॅप ऑफ अवर इन्स्टिट्यूट अँड हॅज फेदर्ड हर नेस्ट विथ मेनी अचीव्हमेंट्स.’

शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करते, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातक आहे. ‘टू फेदर वन्स नेस्ट’ म्हणजे पदाचा किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन स्वतःची तुंबडी भरणं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की मुलीने खूप बक्षिसं मिळवली. वाचणाऱ्याला कळणार की मुलीने हात मारला. पीस दोन्हीकडे आहे म्हणून अर्थ सारखा होत नाही. टोपीतलं पीस हा मान, घरट्यातलं पीस ही लबाडी.

आता टोपीकडे येऊ. मूळ वाक्प्रचार ‘अ फेदर इन वन्स कॅप’ (टोपीतलं पीस, म्हणजे अभिमान वाटावा असं यश) असा आहे आणि त्यातला प्रत्येक छोटा शब्द कामाचा आहे. ‘इन’ का? कारण पीस टोपीच्या पट्टीत किंवा घडीत खोचलेलं असतं, वर ठेवलेलं नसतं. ‘ऑन’ लिहिलं की ते पहिल्या वाऱ्यात उडून जाईल. आणि मराठी माणसाला तर इथे चुकायला सबबच नाही. आपणही ‘शिरपेचात मानाचा तुरा’ म्हणतो, शिरपेचावर नाही. (आता विषय निघालाच आहे तर: तुरा खोवतात हो, रोवत नाहीत. रोवतात झेंडा. बातम्यांतून रोज ‘मानाचा तुरा रोवला’ वाचून जीव कासावीस होतो.)

‘वन्स’च्या जागी माणसाप्रमाणे हिज, हर, देअर, माय यायलाच हवं. नुसतं ‘फेदर इन कॅप’ म्हटलं तर टोपी कोणाची ते कळत नाही. ‘कॅप ऑफ हर’, ‘कॅप ऑफ अवर इन्स्टिट्यूट’ ही तर ‘चा-ची-चे’ची शब्दशः ओढाताण. ‘हर कॅप’ एवढं पुरतं.

‘वन अनदर’ लिहायचं नाही. ‘अनदर’मध्येच ‘अन’ दडलेलं आहे, त्याआधी आणखी ‘वन’ कशाला? ‘अनदर फेदर’ लिहा, नाहीतर ‘वन मोअर फेदर’. पण इथे खरी अडचण वेगळी आहे. ‘अनदर’ म्हटलं की वाचणारा आधीचं पीस शोधू लागतो. पत्रात आधी एकाही यशाचा उल्लेख नसेल तर ‘आणखी एक’ हा शब्द हवेत लटकतो. पहिलंच मोठं यश असेल तर साधं ‘अ फेदर’ म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

क्रियापद बदललं की अव्ययही बदलतं आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. ‘अ‍ॅड’ वापरलं तर ‘टू’: ‘धिस अवॉर्ड अ‍ॅड्स अनदर फेदर टू हर कॅप’. ‘इज’ किंवा ‘वॉज’ असेल तर ‘इन’: ‘द अवॉर्ड वॉज अ फेदर इन हर कॅप’. लोक दोन्ही साचे एकत्र करतात आणि ‘इट इज अ फेदर टू हर कॅप’ असं काहीतरी तयार होतं. ‘अ‍ॅड’वाली रचना काही जुन्या शिक्षकांना खटकते हे मान्य, पण ती आता सर्रास छापली जाते, तिच्यावर लाल शाई उडवण्यात अर्थ नाही.

वाक्याचा कर्ताही बघा. यश हे पीस असतं, माणूस नव्हे. ‘शी इज अ फेदर इन अवर कॅप’ लिहिलं की मुलगीच दागिना झाली, आणि तोही दुसऱ्याच्या टोपीतला. पत्रातल्या ‘कॅप ऑफ अवर इन्स्टिट्यूट’चा मला सगळ्यात जास्त राग आला तो यासाठी. व्याकरण सुधारून ‘अ फेदर इन अवर इन्स्टिट्यूट्स कॅप’ केलं तर इंग्रजी बरोबर होतं. वार्षिक अहवालात ते शोभेलही. पण शिफारसपत्र मुलीचं आहे. तिथे टोपी तिची हवी. तिने मिळवलेला मान संस्थेने स्वतःच्या डोक्यावर चढवायचा आणि तेच पत्र तिच्या हातात द्यायचं, हे कुठलं औदार्य?

बरं, एवढं चिडून लिहिल्यावर जरा थांबून विचार केला. ते पत्र लिहिणाऱ्याचं मन वाईट नसणार. अभिनंदनाच्या निरोपांतून, निरोपसमारंभाच्या भाषणांतून हे तुकडे कानावर पडत राहतात. ते भारदस्त वाटतात आणि प्रेमाने वापरले जातात. ‘विथ फ्लाइंग कलर्स’चं, म्हणजे ‘दणदणीत यशाने’चं, तसंच. तिथले कलर्स म्हणजे जहाजाचे फडकते झेंडे, म्हणून नेहमी अनेकवचन आणि नेहमी ‘विथ’. हे कोणी समजावूनच सांगितलेलं नसतं, तर लिहिणारा ‘इन फ्लाइंग कलर’ लिहिणारच. ‘शी इज रेस्टिंग ऑन हर लॉरेल्स’ तर लोक कौतुक म्हणून लिहितात, आणि त्याचा अर्थ ‘जुन्या यशावर विसंबून आता काही करत नाही’ असा होतो. कोणाच्या शिफारसपत्रात हे गेलं असेल तर त्याचं काय झालं असेल, कल्पना करवत नाही.

पीस हे मुळात मोजून मिळायचं. रिचर्ड हॅन्सर्ड नावाच्या इंग्रज प्रवाशाने १५९९ साली हंगेरीबद्दल लिहिलंय की तुर्की शत्रूला मारल्याशिवाय तिथे कोणी पीस लावू शकत नसे आणि टोपीतल्या पिसांवरून किती शत्रू मारले ते कळे. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी जमातींतही गरुडाचं पीस पराक्रमानेच मिळवावं लागे. म्हणून नेमून दिलेल्या रोजच्या कामाला किंवा सेवाज्येष्ठतेने आपोआप मिळालेल्या बढतीला हा वाक्प्रचार लावू नये. अनुभवाची वर्षं सांगायची असतील तर ‘अंडर हर बेल्ट’ आहे. आणि हौसेने पिसाला रंग देऊ नका. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी पेनरोज फिट्झजेराल्ड या अ‍ॅडमिरलने, सैन्यात न गेलेल्या तरुणांना लाज वाटावी म्हणून बायकांकरवी पांढरी पिसं वाटायला सुरुवात केली. ‘व्हाइट फेदर’ म्हणजे भित्रेपणाचा शिक्का.

पण हे सगळं दुरुस्त करूनही त्या पत्राचं भलं होत नाही, आणि इथे माझा राग परत चढतो. त्या मुलीने दोन वर्षं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला. सुट्टीतही, तापातही. एकही दिवस सोडला नाही. पुरस्कार त्या नोंदवहीसाठी होता. पत्रात यातलं अक्षरही नाही! पिसं आहेत, घरटं आहे, पाऊस नाही. अभिनंदनाच्या पोस्टमध्ये, भाषणात, बातमीच्या मथळ्यात टोपी-पीस खुशाल वापरा. शिफारसपत्रात आणि बायोडेटात ते जागा खातं. तिथे काय केलं, किती दिवस केलं, त्यातून काय निघालं एवढंच लिहावं. स्वतःच्या बायोडेटात ‘माय कॅप’ तर नकोच, तिथे ती बढाई वाटते.

तिला ते वाक्य काढून हे घालायला सांगितलंय: ‘फॉर टू इयर्स शी मेझर्ड द रेनफॉल अ‍ॅट हाफ पास्ट एट एव्हरी मॉर्निंग, विदाउट मिसिंग अ सिंगल डे, अँड हर रेकॉर्ड वन द अवॉर्ड.’ गरज वाटलीच तर पुढे ‘इट इज अ फेदर इन हर कॅप’ जोडता येईल, पण मला तरी गरज वाटत नाही. आता नव्या पत्रावर सही मिळायला हवी. मुदत परवा संपते आणि ती अजून ते पत्र देणाऱ्या सरांना विचारायला घाबरतेय.