जुळणाऱ्या जाहिरातींची ‘पाच गुपितं’: एकेक मुद्दा तपासून

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. ‘तुमच्या साइटवर विषयाला जुळणाऱ्या, भारी पैशाच्या जाहिराती आणायची पाच गुपितं’ असं त्याचं नाव. थोडक्यात त्यात म्हटलंय ते असं. मराठी मजकुराला जाहिराती जुळतच नाहीत, तेव्हा इंग्रजीत लिहा. पानाच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत ‘विमा’, ‘कर्ज’, ‘वकील’ असे महागडे शब्द भरून ठेवा. विषयाबाहेरची जाहिरात दिसली तर साइटमध्ये टाकलेला जाहिरातींचा कोड चुकलाय, काढून पुन्हा लावा. नको असलेल्या सगळ्या जाहिराती ब्लॉक करा. आणि हवी ती जाहिरात दिसली की स्वतःच दोन-तीनदा दाबा, म्हणजे गूगलला तुमची आवड कळते.

पाठवणाऱ्यांपैकी दोघींनी नुकतीच सुरुवात केलीय. एक वाळवणाच्या पदार्थांवर लिहिते, दुसरी शाळेतल्या मुलांसाठी गणित सोपं करून मांडते. दोघींनी घरचं सगळं सांभाळून, रात्री जागून साइट उभी केलीय. या सल्ल्यापायी त्यांची मेहनत वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मी रत्नागिरीत राहतो, आंबा-काजूच्या लागवडीवर मराठीत लिहितो आणि बरीच वर्षं माझ्या साइटवर ॲडसेन्सच्या, म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, जाहिराती आहेत.

शेवटचं गुपित आधी घेतो, कारण सगळ्यात घातक तेच. स्वतःच्या साइटवरची जाहिरात स्वतः दाबायला ॲडसेन्सच्या नियमांत साफ मनाई आहे. घरच्यांना, मित्रमंडळींना ‘जरा दाबा रे’ म्हणणंही त्यातच आलं. अशा क्लिकना अवैध धरतात, त्यांचे पैसे तुमच्या कमाईतून कापले जातात आणि खातं काही काळ किंवा कायमचं बंद होऊ शकतं. आणि आवड कळते म्हणाल, तर ती कुणाची? तुम्ही दाबलंत तर फार तर तुमच्या ब्राउझरला तुम्ही वाचक म्हणून कळता. अमरावतीहून तुमचं पान उघडणाऱ्या माणसाला काय दिसेल, यावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

आता मराठीचा मुद्दा. यात एकेकाळी तथ्य होतं, म्हणूनच तो लोकांना पटतो. ॲडसेन्स सुरू झालं २००३ साली. भारतीय भाषांपैकी हिंदीला त्यात जागा मिळाली ती थेट २०१४च्या डिसेंबरात आणि मराठीला २०१८ साली. त्याआधी मराठी साइट घेऊन ॲडसेन्सकडे गेलेल्यांना भाषेवरूनच परत फिरावं लागायचं. ती आठवण अजून गेलेली नाही. पण आज मराठी ही ॲडसेन्सची मान्य भाषा आहे. मराठी मजकूर वाचून त्याचा विषय ठरवला जातो. इंग्रजी पानांसाठी बोली लावणारे जाहिरातदार जास्त आहेत, हे मी नाकारत नाही. पण तुमचा वाचक मराठी असेल तर इंग्रजीत लिहून तुम्ही वाचकच घालवाल.

मग अनेक मराठी पानांवर भलत्याच जाहिराती का दिसतात? मी पाहिलेल्या पानांपुरतं सांगायचं, तर पुष्कळदा दोष भाषेचा नसतो. ते पान यंत्राला वाचताच येत नसतं.

एक उदाहरण अगदी जवळून बघा. जुन्या डीटीपीच्या सवयीने काही जण अजून कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्यांच्या पडद्यावर ‘मराठी’ असं स्वच्छ दिसतं. पण संगणकाने साठवलेलं असतं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. पाच इंग्रजी अक्षरं, ज्यांचा काहीही अर्थ होत नाही. फॉन्ट हा नुसता मुखवटा. क्रॉलरला, म्हणजे पान वाचायला येणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामला, मुखवटा दिसत नाही, त्याला ती पाच अक्षरं दिसतात. एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये टाका. देवनागरी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला देवनागरी म्हणूनच वाचता येणाऱ्या पद्धतीत, आहे. इंग्रजी अक्षरांचा खिचडा उमटला तर सगळं रूपांतर करून घ्यावं लागेल.

दुसरी चूक चित्रांची. वाळवणवाल्या ताईंचं कुरडईचं पान मी उघडलं. मजकूर म्हणून त्यावर एकच ओळ: ‘नमस्कार मैत्रिणींनो, आजचा पदार्थ खास आहे, नक्की करून बघा.’ गहू किती दिवस भिजवायचे, चीक कसा काढायचा, तो शिजवताना गुठळी कशी होऊ द्यायची नाही, सोऱ्याने कुरडया कशा घालायच्या, हे सगळं एका सुंदर चौकटीच्या चित्रात. वाचणाऱ्या बाईला पूर्ण कृती मिळते. क्रॉलरच्या हाती मात्र ‘खास’ आणि ‘मैत्रिणींनो’ यापलीकडे फारसं काही लागत नाही. त्यावरून तो कुठली जाहिरात जुळवणार?

महागड्या शब्दांचं गुपित निराळ्या कारणाने फसतं. लपवलेला मजकूर आणि शब्दांची कोंबाकोंबी ही गूगलच्या लेखी सरळसरळ फसवणूक आहे. ती पकडली गेली तर शोधातून पान खाली जातं किंवा पार निघूनही जातं. समजा पकडली गेली नाही. पापडाची कृती वाचायला आलेल्या बाईला वकिलाची जाहिरात दिसली, तरी ती कशाला थांबेल? शिवाय ‘महागडा शब्द म्हणजे महागडा क्लिक’ हा हिशेबही जुना झाला. २०२४च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स साइटवाल्यांना क्लिकवर नव्हे, तर जाहिरात दिसल्याबद्दल पैसे देतं. प्रत्येक जागेसाठी पान उघडताक्षणी लिलाव होतो, आणि त्यात पानाचा विषय, वाचकाचं ठिकाण, त्याच्या आवडीनिवडी असं सगळं एकत्र तोललं जातं. तळाला लपवलेल्या ‘विमा’ या शब्दाने तो लिलाव जिंकता येत नाही.

‘कोड चुकलाय’ या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण इथे चांगली समजूतदार माणसंही गोंधळतात. फक्त पानाचा मजकूर बघून जाहिराती लावायचे दिवस संपून बराच काळ झाला. २००९पासून ॲडसेन्समध्ये वाचकाच्या आवडीवरूनही जाहिराती येतात. मी एकदा माझं काजू लागवडीचं एकच पान तीन ठिकाणी उघडून बघायला सांगितलं. मला इथे चपलांची जाहिरात दिसली, कारण आदल्याच रात्री मी चपला शोधत होतो. पुण्याच्या भाचीला स्पर्धा परीक्षेचे क्लास. दुबईतल्या आत्येभावाला घरी पैसे पाठवायची सेवा. तिघांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले तर तीन वेगळ्या साइट वाटाव्यात. कोड तोच होता आणि नीट होता. पान माणसागणिक वेगळं सजतं, तेव्हा मालकाला स्वतःच्या पडद्यावर जे दिसतं त्यावरून साइटचा निवाडा करता येत नाही.

ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी खात्यातच सोय आहे. वैयक्तिक आवडीवरच्या जाहिराती बंद करता येतात. मग पानाचा विषय आणि वाचकाचं ढोबळ ठिकाण यांच्यावरच निवड होते. तेव्हा बोली बहुधा कमी लागते, हे ठाऊक असू द्या. पण संदर्भावरच्या जाहिरातीत दम नाही, असंही समजू नका. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने जानेवारी २०२०पासून कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण) वापरून वाचकाचा माग काढणं पूर्ण थांबवलं आणि फक्त मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती लावल्या. पहिल्या दोन महिन्यांत त्यांचं ऑनलाइन जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत ६१ आणि ७६ टक्के वाढलं. त्यांची जाहिरात विकणारी स्वतःची संस्था होती, आपल्यासारखी एकट्यादुकट्याची साइट नव्हती, हा फरक मोठा आहे. तरीही मजकूर नीट असेल तर जाहिरातदार त्याच्यासाठी पैसे मोजतो, एवढं त्यातून दिसतं.

ब्लॉक करण्याबद्दल थोडक्यात: जुगाराच्या, झटपट वजन उतरवायच्या जाहिराती मी स्वतः बंद ठेवल्यात आणि तुम्हीही खुशाल ठेवा. वाचकांशी ती आपली बांधिलकी आहे. पण ‘विषयाबाहेरचं सगळं’ बंद केलंत तर लिलावाला माणसंच उरणार नाहीत. जागा रिकामी राहील किंवा कवडीमोलाने जाईल.

मग करायचं काय? माझ्या एका जुन्या पानाचं शीर्षक होतं ‘कलम: नियम आणि काळजी’. आमच्याकडे कलम म्हटलं की आंबा डोळ्यांसमोर येतो. पण मराठीत कलम कायद्याचंही असतं आणि लिहायचंही असतं. त्यात ‘नियम’ शेजारी. त्या पानावर कायद्याच्या सल्ल्याच्या जाहिराती येत होत्या आणि त्यात यंत्राची काही चूक नव्हती. मी शीर्षक बदलून ‘हापूसचं कोय कलम पावसाळ्यात घरी कसं बांधायचं’ असं केलं. मजकुरात खुंटरोप किती दिवसांचं हवं, काडी कुठून घ्यायची, पाचर कशी द्यायची, पट्टी कधी सोडायची, हे आमचे बागायतदार बोलतात त्याच शब्दांत लिहिलं. शब्द कोंबले नाहीत, फक्त आधी गाळलेलं सांगून टाकलं. काही आठवड्यांनी रोपं, ठिबक, छाटणीच्या कात्र्या असलं अधूनमधून दिसू लागलं. चपलाही दिसतातच.

एवढं करूनही फरक पडला नाही तर क्रॉलर आत येतोय का, ते बघा. ॲडसेन्सचा क्रॉलर मीडियापार्टनर्स-गूगल या नावाने येतो. मी एकदा नको ते बॉट, म्हणजे आपोआप साइटवर येणारे प्रोग्राम, अडवायला साइटला एक सुरक्षा प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवलं आणि विसरून गेलो. पुढे सर्व्हरची नोंद उघडली तर या नावापुढे प्रत्येक वेळी ४०३, म्हणजे दारातूनच परत. ज्याला बोलवायचं त्यालाच मी उंबऱ्यावर अडवत होतो. प्लगइनमध्ये त्याला वाट मोकळी करून दिली, तेवढं पुरलं. नवं पान टाकल्यावर मात्र लगेच निकाल बघू नका. क्रॉलर येऊन वाचून जाईपर्यंत सुरुवातीला वाटेल ते दिसतं.

वाळवणवाल्या ताईंनी तळाचे पांढरे शब्द काढून टाकलेत. आता रोज दुपारी त्या एकेका चित्रातली कृती युनिकोडमध्ये टाइप करतायत. कुरडईचं पान झालंय, काल सांडग्यांचं घेतलं.