पिवळी फुली

शाळेच्या ग्रुपवर गेल्या हिवाळ्यात जे पेटलं ते अजून धुमसतंय. आमच्या वर्गातला एक जण, वीस वर्षं धरणग्रस्तांच्या मोर्चात पुढे चालणारा, नगरपालिकेला उभा राहिला. तोही अशा आघाडीकडून, की जिच्या तालुक्यातल्या नेत्याच्या दारात त्याने एकेकाळी उपोषण केलं होतं. निवडून आला. गुलालाने माखलेला फोटो ग्रुपवर पडला आणि खाली पहिलंच वाक्य आलं, "किती खोके?" मग दोन तट. एकाचं म्हणणं, हा विकला गेला. दुसऱ्याचं, राजकारणात हे चालायचंच, सोवळं नेसून नगरपालिका चालते का? मध्येच कोणीतरी मला ओढतं, "तुमच्या जर्मनीत असलं काही नसेल बाई."

असतं. माझ्या खालच्या मजल्यावरच राहतं.

मी बारा वर्षं कोलोनला आहे. खाली एक निवृत्त शिक्षिका राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. ग्रीन पक्ष १९८० साली निघाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्या सभासद झाल्या. त्यांच्या बागेत दोन फळ्या तिरक्या ठोकून केलेली, पिवळ्या रंगाची, माणसाएवढी फुली उभी असते. कोलोनच्या पश्चिमेला गार्झवायलर नावाची कोळशाची उघडी खाण आहे. तिच्यासाठी गावं उठवायला विरोध करणाऱ्यांची ती खूण.

ऑक्टोबर २०२२ मध्ये खाणकंपनीशी करार झाला. केंद्रातला अर्थव्यवस्था खात्याचा मंत्री ग्रीन पक्षाचा, राज्यातली त्याच खात्याची मंत्री ग्रीन पक्षाची. इथला कोळसा २०३८ ऐवजी २०३० लाच थांबणार, पाच गावं वाचणार, सहावं ल्युत्झेराथ मात्र जाणार. शिवाय युक्रेनच्या युद्धामुळे गॅसची चणचण, म्हणून वीजकेंद्राचे दोन जुने संच आणखी काही काळ चालवायचे. गंमत म्हणजे (गंमत कसली!) वाचलेल्या पाच गावांतली बहुतेक घरं तोवर रिकामी झाली होती. लोक भरपाई घेऊन नव्या वसाहतीत गेले होते. कोयनेच्या किंवा उजनीच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

१४ जानेवारी २०२३, आपल्याकडे भोगी. मी तीळ लावलेल्या भाकऱ्या डब्यात घेऊन बाईंबरोबर ल्युत्झेराथच्या मोर्चाला गेले. पाऊस, बोचरा वारा आणि चिखल असा, की पाय उचलावा तर बूट मागेच राहावा. पलीकडे खाणीचा खड्डा, त्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. हजारो माणसं आणि समोर पोलिसांची भिंत. बाई स्वतःच्या पक्षाच्या मंत्र्याचं नाव घेऊन घोषणा देत होत्या. परतीच्या गाडीत मी विचारलं, "आता पक्ष सोडणार तुम्ही?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी कशाला सोडू? पुढच्या बैठकीत त्यांना विचारायचंय, तिथे मी नको का?"

आठवड्याभराने त्यांनी मला चहाला बोलावलं आणि एक जाडजूड बाड पुढ्यात ठेवलं. २०२१ च्या निवडणुकीनंतर तीन पक्षांनी मिळून केलेला आघाडीचा करारनामा, १७७ पानांचा. ग्रीन पक्षाने तो सभासदांपुढे मतदानाला ठेवला आणि मत देणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांनी होकार दिला. बाईंचंही मत होकाराचं. पण त्यांच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने बरोबरच्या खुणा आणि फुल्या मारलेल्या. महामार्गावर सरसकट वेगमर्यादा ही पक्षाची जुनी मागणी. करारात साफ लिहिलंय की ती येणार नाही. फुली. कोळसा बंद करण्याच्या वाक्याखाली दुहेरी रेघ. ‘आदर्श परिस्थितीत २०३० पर्यंत’ असं ते वाक्य; ‘आदर्श परिस्थितीत’ला मूळ जर्मनमध्ये एकच शब्द. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या एका शब्दावर आम्ही किती भांडलो असू. चाळीस वर्षांचं राजकारण शेवटी क्रियाविशेषण होऊन बसलं." शाळेत भाषा शिकवायच्या त्या.

मला त्या समासाचा हेवा वाटला.

इथे सगळं स्वच्छ असतं असं मला म्हणायचं नाही. शांततेच्या चळवळीतून आलेल्या याच पक्षाचा परराष्ट्रमंत्री १९९९ मध्ये कोसोवोच्या युद्धाला पाठिंबा मागायला पक्षाच्या अधिवेशनात उभा राहिला, तेव्हा आपल्याच माणसांतून आलेली, लाल रंगाने भरलेली पिशवी त्याच्या कानावर फुटली. आणि १७७ पानं लिहून काढलेलं ते सरकार ६ नोव्हेंबर २०२४ ला पैशांवरून मोडलं. पुढच्या फेब्रुवारीत ग्रीन पक्ष १४.८ वरून ११.६ टक्क्यांवर आला आणि त्यांचा एक भागीदार पाच टक्क्यांची पायरी न चढल्याने संसदेबाहेर गेला. लिहून ठेवल्याने सरकार टिकत नाही. पण काय दिलं आणि काय घेतलं, हे माझ्या शेजारणीला पानाच्या नंबरासकट ठाऊक होतं.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे शपथविधी झाला, हे राज्याला सकाळच्या चहाबरोबर कळलं. तीन दिवसांत तो संसार मोडला आणि दुसरी आघाडी आली. तिने निदान किमान समान कार्यक्रम छापला, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावं. तो किती जणांनी वाचला, हा प्रश्न वेगळा. मग जून २०२२: सुरत, गुवाहाटी, हॉटेलं. मग आणखी एक पक्ष दुभंगला. आयुष्यभर सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला आपण आता कोणाबरोबर आहोत हे टीव्हीवरून कळायचं. लोकांना चीड युतीची येते असं मला वाटत नाही. आपल्या वतीने काय विकलं गेलं याची पावती कोणी देत नाही, आणि पावती नसली की माणूस खोकेच मोजणार.

हे जर्मनांकडून शिकावं लागेल असंही नाही. ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे आगरकरांचं ब्रीद. ग्रुपवरचे दोन्ही तट त्याचा अर्धा-अर्धा तुकडा घेऊन बसलेत. एकाला फक्त इष्ट बोलायचंय. दुसरा साध्य करून घेतो आणि इष्टाबद्दल मौन पाळतो. पुणे कराराचंच बघा. २४ सप्टेंबर १९३२, येरवड्यात गांधीजींचं उपोषण चालू, बाबासाहेबांवर देशभरातून दबाव. त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले, प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा घेतल्या आणि सही केली. पण पुढे ‘झालं ते बरं झालं’ असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्या करारात आपल्या माणसांचं काय गेलं, हे ते जाहीरपणे लिहीत आणि बोलत राहिले. तडजोड करणाऱ्यानेच तिचा हिशेब उघडा ठेवायचा, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून मी ग्रुपवर मित्राला सरळ विचारलं, "काय सोडलंस आणि काय मिळवलंस, एवढंच सांग." तो गप्प. दोन दिवसांनी मला वेगळा मेसेज आला, "तू तिथं बसून विचारणार, सोपंय ना?"

लागलं. कारण माझाच समास कोरा होता. जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली. भारत देत नाही. मी अर्ज केला, नागरिकत्व मिळालं, आणि माझा भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का घेऊन परत आला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, मत देता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी इथल्या सरकारी संकेतस्थळावरची ३८ प्रश्नांची चाचणी सोडवली, आपलं कोणत्या पक्षाशी किती जुळतं ते सांगणारी. एकही पक्ष पुरा जुळला नाही. बाईंना सांगितलं तर त्या हसल्या, "मी चाळीस वर्षं सभासद आहे, माझंही जुळत नाही." हे सगळं मी शाळेच्या ग्रुपवर कधीच सांगितलं नव्हतं. लोकशाहीवर मात्र तिथे लांबलचक लिहीत होते.

परवा लिहून टाकलं. पासपोर्ट गेला, तिथलं मत गेलं, इथलं मिळालं, आईला अजून सांगितलेलं नाही. पहिलं उत्तर आलं, "किती युरो?" त्यावर बरेच हसरे चेहरे.

रात्री उशिरा मित्राचा चार मिनिटांचा आवाजी मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. मागे कुत्री भुंकत होती. वरच्या वाडीला नळाची लाइन मंजूर करून घेतली म्हणाला. त्या बदल्यात पुनर्वसनाच्या जमिनीच्या अर्जावरून त्याने आपली सही काढून घेतली. तीन गावांचा अर्ज तो. सही काढताना तिथल्या कोणाला विचारलं नव्हतं.

"हे ग्रुपवर टाकशील?" मी लिहिलं.

दोन निळ्या टिका उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.